परदेशातील स्थानिक वाहने आणि आपल्या अंगवळणी पडलेल्या सवयी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान. चिटणीसांच्या आग्रहावरून येथे लेखरूपाने सादर केले आहे.)



आजच्या भाषणासाठी चिटणीसांनी आम्हांस जो विषय सुचविला होता तो ‘आमचा युरोपचा प्रवास’ असा होता. तो आम्ही विनयपूर्वक नाकारला. राजवाडे, चित्रशाळा आणि हिमशिखरे यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. आणि छायाचित्रे तर हल्ली न मागताही घरोघरी येऊन पडतात. त्याऐवजी अगदी साध्या गोष्टीविषयी चार शब्द बोलावे असे आमच्या मनात आले. परक्या शहरात घराबाहेर पडावयाचे, ट्राममध्ये, बसमध्ये किंवा आगगाडीत बसावयाचे आणि संध्याकाळी धड हातापायांनी घरी परत यावयाचे, ते कसे, एवढाच आमचा विषय आहे.

कोणास तो क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडून गेलेल्या मनुष्याने प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे यावर वाद होत असत; आणि आज साठी उलटलेले आईबाप मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडे सांभाळण्यासाठी तीन-तीन महिने परदेशी जाऊन राहतात. सहलीबरोबर जाणाऱ्यांस बसमधून उतरवून पुन्हा मोजून बसमध्ये भरणारा एक मनुष्य तरी असतो. मुलाकडे राहावयास गेलेल्यास तो नसतो. मुलगा व सून सकाळी कामावर निघून जातात. मग भाजी आणणे, नातवाला बालवाडीतून घेऊन येणे, कंटाळा आला म्हणून गावात एक फेरी मारणे, ही सारी कामे तेथील वाहनांतून आपली आपणच करावी लागतात. या सभागृहात अशी मंडळी पुष्कळ बसलेली आहेत हे आम्ही येथूनच पाहत आहोत.

आम्ही उभयतां सन २०१९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील म्युनिक शहरी चिरंजीवांकडे होतो. निघताना ज्याने-त्याने आम्हांस चोरांपासून जपण्याचा उपदेश केला होता. चोर आम्हांस एकही भेटला नाही. आमचे जे नुकसान झाले ते आमच्याच मानेने, पायांनी आणि घाईने केले. ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊन एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे पदपथावरून खाली पाऊल टाकताना पहिले वाहन उजवीकडून येते आणि आपली मान आधी उजवीकडे वळते. हे आपण विचार करून करीत नाही. लहानपणी आईने हात धरून रस्ता ओलांडावयास शिकविले तेव्हापासून ते अंगात मुरलेले असते. ब्रिटन, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, मलेशिया, थायलंड या देशांत ही मान बरोबर वळते. परंतु अमेरिका, कॅनडा, चीन, जवळजवळ सारा युरोप आणि दुबईसकट सगळे आखाती देश येथे वाहने उजव्या बाजूने जातात. तेथे पहिले वाहन डावीकडून येते. आपण उजवीकडे पाहतो, रस्ता मोकळा दिसतो, आणि आपण निःशंकपणे पाऊल पुढे टाकतो.

ही चूक केवळ आपणच करतो असे कोणी समजू नये. विन्स्टन चर्चिल व्याख्यानांच्या दौऱ्यावर न्यूयॉर्कला गेले असता १३ डिसेंबर १९३१ च्या रात्री फिफ्थ अॅव्हेन्यू ओलांडीत होते. जन्मभर डाव्या बाजूच्या वाहतुकीची सवय; त्यांनी भलत्याच दिशेकडे पाहिले आणि मोटारीची धडक बसून ते रस्त्यावर कोसळले. त्या वेळी ते ५७ वर्षांचे होते, आणि ब्रिटनचे अर्थमंत्रिपद भूषवून झालेले होते. दैव बलवत्तर म्हणून वाचले. लंडनमध्ये याच चुकीचा उलटा प्रकार परदेशी पाहुण्यांकडून घडतो, म्हणून तेथे ओलांडण्याच्या पुष्कळ जागी पायांपाशी रस्त्यावरच ‘उजवीकडे पाहा’ अशा अर्थाची पांढरी अक्षरे रंगविलेली असतात. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता साऱ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. परंतु त्या एका रात्रीसाठी त्या सरकारने कित्येक महिने लोकशिक्षण चालविले होते. आपण मात्र रात्री मुंबईत विमानात बसतो, सकाळी फ्रँकफुर्टला उतरतो, आणि आपल्या मानेस त्याची कोणी वार्ताही देत नाही.

आता आमची हकीकत. म्युनिकमध्ये पुष्कळ रस्त्यांवर पदपथास लागूनच सायकलींचा स्वतंत्र पट्टा असतो. आमच्या घराजवळच्या ट्रामच्या थांब्यावर जावयाचे तर हा पट्टा ओलांडावा लागे. पदपथ आणि तो पट्टा यांत उंचीचा फरक जवळजवळ नाही. फरशीचा रंग तेवढा निराळा. आपल्या दृष्टीस तो चालण्याचाच भाग वाटतो, आणि आमचे कित्येक देशबांधव त्यावरून हातात हात घालून गप्पा मारीत जाताना आम्ही पाहिले आहेत. सायकलस्वार तेथे वेगाने येतात आणि आवाज होत नाही. विजेवर चालणाऱ्या सायकली वाढल्यापासून तर सत्तर वर्षांच्या आजीबाईही सुसाट जातात.

त्या दिवशी आम्ही पट्टा ओलांडून थांब्यावर पोचलो होतो. सौ. चार पावले मागे होत्या. इतक्यात ट्राम वळणावर दिसली. आम्ही आपल्या दादरच्या सवयीप्रमाणे ओरडलो, “चला, चला, गाडी आली!” त्यांनी रीतसर उजवीकडे पाहिले. कोणी नव्हते. पाऊल टाकले, आणि डावीकडून आलेल्या सायकलीची धडक बसून त्या उजव्या हातावर पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता, आणि ज्या नातवाला मांडीवर घेण्यासाठी इतक्या दूर गेलो, त्याला त्यांना उचलून घेता आले नाही.

सायकलवर एक तरुण मुलगी होती. तिचा काही दोष नव्हता. ती आपल्या पट्ट्यातून, आपल्या दिशेने जात होती. तरी ती थांबली, तिने ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत सौ.ंच्या डोक्याशी आपली पिशवी देऊन बसून राहिली. ती ट्राम आमच्या देखत आली आणि गेली. त्यानंतरची ट्राम दहा मिनिटांत आली. आम्ही सेवानिवृत्त मनुष्य. आम्हांस कोठे वेळेवर हजेरी लावावयाची होती? या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप सौ.ंना देऊ शकलेलो नाही. त्या येथे पहिल्याच रांगेत बसलेल्या आहेत, म्हणून खोटे बोलण्याचीही सोय नाही.

हा ११२ क्रमांक युरोपीय संघाच्या प्रत्येक देशात चालतो आणि त्यास पैसे पडत नाहीत. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. आपण ज्या देशी जाणार तेथील क्रमांक घर सोडण्यापूर्वी पाठ असावा. मोबाईलमध्ये लिहून ठेवलेला क्रमांक मोबाईल हातातून उडून पडल्यावर उपयोगी पडत नाही. विम्याची गोष्टही अशीच. युरोपातील शेंगेन देशांचा प्रवेश-परवाना मिळण्यासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. तो आम्हीही काढला होता. परंतु त्याचा कागद घरी पेटीच्या तळाशी होता, आणि रुग्णालयात पहिला प्रश्न त्याचाच आला. चिरंजीव कामावरून घरी जाऊन तो घेऊन येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. उपचार कोणी थांबविले नाहीत, हे सांगितले पाहिजे; परंतु ते दोन तास आम्हांस फार मोठे वाटले. तेव्हापासून विमा कंपनीचा दूरध्वनी व विमापत्राचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दोघांच्याही जवळ वेगवेगळी असते.

ट्रामविषयी आणखी एक गोष्ट. रस्त्यावरील पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल ठेवले की जर्मनीत मोटारी थांबतात. प्रथम आपला विश्वास बसत नाही, आणि मग आठवड्याभरात तो नको इतका बसतो. ट्राम मात्र त्या पट्ट्यांवरही थांबण्यास बांधलेली नाही; तेथील वाहतुकीच्या नियमांत रुळांवरील वाहने या बंधनातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. कारण उघड आहे. पोलादी रुळावर पोलादी चाक. कितीही जोराने ब्रेक लावला तरी ट्राम मोटारीपेक्षा पुष्कळ लांब जाऊन थांबते, आणि तिला बाजूस वळता येत नाही. मुंबईतील ट्रामगाड्या १९६४ मध्ये बंद झाल्या. आपल्यापैकी बहुतेकांस रस्त्यात रूळ असतात हीच गोष्ट नवीन. ट्राम गेली म्हणून तिच्या पाठीमागून लगेच पलीकडे जाऊ नये. दुसऱ्या रुळावरून समोरची ट्राम येत असते, आणि ती पहिलीच्या आड दिसत नाही.

आता भुयारी गाडीकडे वळू. हा प्रसंग अपघाताच्या आधीचा आहे, आणि त्यातून शहाणपण शिकलो असतो तर पुढचे कदाचित टळले असते. म्युनिकच्या मध्यवस्तीतील एक स्थानक. गाडी आली, आम्ही आत शिरलो, दरवाजांचा इशारा वाजला, आणि दरवाजे सौ.ंच्या तोंडासमोर मिटले. आपल्याकडे असे झाले तर आपण दारात हात घालतो, कोणी आतून ओढून घेते. तेथे गाडी चालू लागली. काचेतून त्यांचा चेहरा क्षणभर दिसला.

तेव्हा आम्हांस हिशेब सुचला की तिकीट आमच्या खिशात आहे. म्युनिकमध्ये पाच माणसांपर्यंत सर्वांस मिळून दिवसभराचे एकच तिकीट घेता येई, आणि ते स्वस्त पडे म्हणून आम्ही तेच घेतले होते. पैसे आमच्या खिशात. घरचा पत्ता आमच्या खिशात. त्यांचा मोबाईल घरी विजेला लावलेला. त्यांच्या पर्समध्ये रुमाल, चष्मा आणि वेलदोडे. विनातिकीट सापडल्यास ६० युरो दंड, आणि भाषेचा एक शब्द येत नाही. आपल्या घरांतून पुरुषाने कागदपत्रे सांभाळावयाची ही जी प्रथा आहे, तिचा आम्हांस एरवी थोडा अभिमानच होता.

आम्ही पुढच्या स्थानकावर उतरलो आणि उलट दिशेच्या गाडीने परत आलो. त्या होत्या तेथेच उभ्या होत्या. परंतु आम्ही उतरलो तो फलाट समोरचा होता. मध्ये दोन रूळ. आम्हांस पाहताच त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांचे माहेर कल्याणचे, आणि रूळ ओलांडून जाणारी माणसे त्यांनी जन्मभर पाहिलेली. आम्ही दोन्ही हात वर करून त्यांना थांबविले. आपल्या लोकलची वीज डोक्यावरच्या तारेत असते. म्युनिकच्या भुयारी गाडीस ती रुळांच्या शेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळते, ७५० व्होल्टची. तो रूळ पाहून कोणास भय वाटणार नाही, इतका तो साधा दिसतो. फलाटावरून चष्मा पडो, पिशवी पडो, की मोबाईल पडो, खाली उतरू नये. फलाटावर मदत मागण्यासाठी बटणाचा खांब असतो. ते बटण दाबून माणसास बोलवावे. भाषेची भीती बाळगू नये. खाली बोट दाखविले तरी समजते.

त्या दिवसापासून आमच्या घरी ठराव झाला. ताटातूट झाल्यास मागे राहिलेल्याने जागचे हलावयाचे नाही; पुढे गेलेल्याने परत यावयाचे. दोघांनी दोन बाजूंनी शोध सुरू केला की दोघेही हरवतात. तिकिटे दोन, थोडे पैसे दोघांजवळ, आणि पत्ता त्या देशाच्या लिपीत लिहिलेला, दोघांजवळ. लहान मूल बरोबर असेल तर गाडीत चढताना ते मध्ये असावे, एक मोठे माणूस आधी आणि एक नंतर. तिकीट घेतले म्हणजे काम झाले असेही नाही. युरोपात पुष्कळ ठिकाणी ते एका लहानशा यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवून घ्यावा लागतो. न शिक्का मारलेले तिकीट तपासनिसाच्या लेखी तिकीट नव्हेच.

एक गंमत सांगतो, जिच्यात आमचे विमान चुकता चुकता राहिले. परतीच्या दिवशी चिरंजीवांस कामावरून निघता येईना, म्हणून आम्ही उभयतां सामान घेऊन विमानतळाच्या गाडीत बसलो. गाडीवर विमानतळाचे नाव होते. आणखी काय पाहावयाचे? नॉयफार्न नावाच्या स्थानकावर त्या गाडीचे दोन तुकडे होतात. मागचा भाग विमानतळास जातो आणि पुढचा फ्रायझिंग नावाच्या गावास. आम्ही अर्थातच पुढच्या भागात, ऐसपैस. सूचना वाजत होती, परंतु कळत नव्हती. समोर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आमच्या पेट्यांकडे पाहिले, हाताचे विमान करून दाखविले आणि मग मागच्या डब्यांकडे बोट केले. आम्ही उतरलो, फलाटावरून चालत मागे गेलो आणि बसलो. मानेच्या बाबतीत जे खरे, ते येथेही खरे निघाले. आपली पाटी पाहण्याची सवय मुंबईची : गाडी धीमी की जलद, आणि कोठवर, एवढेच आपण पाहतो. डबा कोणता, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

जेथे वाहतूक आपल्यासारखीच चालते तेथे तरी आपण सुरक्षित असतो काय? बँकॉकला आपल्या ज्ञातीची पुष्कळ मंडळी जाऊन आली आहेत. आम्हीही २०१७ मध्ये गेलो होतो. वाहने डाव्या बाजूने, रिक्षेसारखी तीन चाकांची टुकटुक, हवा कोकणासारखी. सारे ओळखीचे वाटते, आणि मनुष्य सैल होतो. तेथे नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले भाड्याने पाठीमागे बसवून नेतात. गल्ल्यांतून ते झटकन पोचवितात हे खरे. पण मागे बसणाऱ्यास शिरस्त्राण देण्यास विसरतात. मागून घ्यावे, कायद्याने ते मागे बसणाऱ्यासही सक्तीचे आहे. नऊवारी काय अन् पाचवारी काय, एका बाजूस पाय सोडून बसण्याचे हे वाहन नव्हे. सेन सेप कालव्यातील नावा फार वेगाने धावतात, धक्क्याला लागतात न लागतात तोच निघतात, आणि नावेच्या काठावरून आत उडी घ्यावी लागते. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी काठावर उभे राहून मौज पाहावी आणि १९९९ मध्ये सुरू झालेल्या उन्नत आगगाडीने जावे. टॅक्सीत बसण्यापूर्वी मीटर टाकावयास सांगावे. नाही म्हटल्यास दार लावून दुसरी पाहावी. तेथे घासाघीस करून अडलेल्यास पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. तरुण मंडळींस एकच सांगणे. भाड्याची स्कूटर घेताना ती चालविण्याचा त्या देशात चालणारा परवाना नसेल, तर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करण्याचा फार संभव असतो. समुद्रकिनारी प्लास्टर घालून बसलेली मुले आम्ही पाहिली, आणि त्यांच्या आईबापांस येणारी बिले मनाने मोजली.

चोरांविषयी बोललोच नाही असे कोणी म्हणू नये, म्हणून दोन शब्द. रोम, पॅरिस, बार्सिलोना या शहरांतील गर्दीच्या गाड्यांत खिसेकापूंचा सुळसुळाट आहे हे जगजाहीर आहे. दरवाजे मिटण्याच्या क्षणी आणि सरकत्या जिन्याच्या टोकाशी ते काम करतात, कारण त्या वेळी आपले लक्ष पायांकडे असते. पारपत्र आतल्या खिशात असावे. आमच्या आजीचा कमरेचा कसा या कामी अजूनही सर्वांत उत्तम, आणि तो शिवून घेण्यास पन्नास रुपयेही पडू नयेत. दागिने घरी ठेवून जावे, यावर भगिनीवर्गाशी वाद घालण्याची आमची छाती नाही.

मुंबईस परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही दोघे दादरला स्थानकाबाहेर रस्ता ओलांडीत होतो. प्लास्टर निघून थोडेच दिवस झाले होते. या वेळी आम्ही ओरडलो नाही, पुढेही गेलो नाही. त्यांच्या डाव्या हाताला धरून उभे होतो. म्युनिकमध्ये शेवटचे सहा आठवडे सौ.ंनी नातवास रोज एकच धडा शिकविला होता, ‘आधी डावीकडे, मग उजवीकडे’, आणि तो धडा तिघांसही पक्का पाठ झाला होता. आम्ही दोघांनी एकदम डावीकडे पाहिले, रस्ता मोकळा दिसला, आणि पाऊल टाकले. उजवीकडून येणारी टॅक्सी करकचून थांबली. चालकाने डोके बाहेर काढून उजवा हात हलवीत म्हटले, “माताजी, इधर देखो, इधर!”

भोजनाची पाने मांडल्याची खूण चिटणीस मघापासून करीत आहेत, तेव्हा येथेच थांबतो.